पितळेचं शिवलेलं पान

एका राज्यात कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. राजाच तसा, तिथे प्रजेचं काय घेऊन बसलात! राजाचं नाव सुकेतू. तो जेवायला बसला की पहिला घास चाखायला एक माणूस, त्या माणसावर नजर ठेवायला दुसरा, आणि दुसऱ्याने पहिल्याला डोळा मारला तर सांगायला तिसरा. तोवर आमटी गारढोण. गार आमटी पुढ्यात आली की राजा म्हणायचा, "ही गार का? काय घातलंय हिच्यात?" राणी कंटाळून माहेरी निघून गेली, तर ती खरंच माहेरी पोचली का हे बघायला राजाने मागोमाग हेर धाडला.

वरचं पाणी खालीच यायचं. त्या राज्यात गवळी आधी स्वतः दूध पिऊन दाखवायचा आणि मग माप घालायचा. न्हाव्यापुढे बसणारा माणूस आधी त्याच्याकडून पोराबाळांची शपथ घ्यायचा. शेजारीण पीठ परत करायला आली, तर घेणारी वाटीच्या तळाला बोट घालून बघायची. अशी सगळी गंमत.

अशा त्या राज्यात एके सकाळी राजाच्या बागेतला सोनचाफा पितळेचा झाला.

झाला म्हणजे झाला. माळ्याने पानाला टिचकी मारली, तर टण्ण! दुसऱ्या सकाळी शेजारचा आंबा झाला, मोहरासकट. मग हिरवळ झाली, आणि माळ्याचे तळवे चिरले. मग पिसारा फुलवून नाचणारा मोर तसाच, एक पाय उचललेला, पितळेचा होऊन उभा राहिला. वारा सुटला की सारी बाग भांड्यांच्या दुकानासारखी खणखणायची, आणि महालात राजाच्या डोळ्याला डोळा लागायचा नाही.

"ही करणी आहे," राजा म्हणाला. आणि संशय दोघांवर गेला. एक, टेकडीवरच्या गुहेतला मांत्रिक भुजंगनाथ. दुसरी, नगराच्या कडेची ओतारी आळी. पितळेची पानं-फुलं आणखी कोण करतं? राजाने आळीच्या तोंडाशी शिपाई बसवले, आणि शिपायांवर नजर ठेवायला आणखी शिपाई.

त्या आळीत वेणू ओतारीण राहायची. तिचा बाप मोठा नामांकित ओतारी होऊन गेला. भोकराचं पान करायचं तर म्हातारा अख्खा दिवस झाडासमोर बसून राहायचा, पानाच्या शिरा, किडीने पाडलेली भोकं, सगळं बघायचा. मग झाडाकडे पाठ करून मेणाचं पान घडवायचा. मेणावर वारुळाची माती लिंपायची, भट्टीत भाजायची. मेण वितळून वाहून जातं, आत पानाची पोकळी राहते, त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा. साचा आपण होऊन निवला की फोडायचा, आणि माती जिथली होती त्या वारुळाला परत नेऊन द्यायची. म्हातारा सांगायचा, "बघावं, सोडून द्यावं, मग मेणात आणावं. जितं पान साच्यात घालायचं नाही. मेण जळालं तर पुन्हा मिळतं, पान जळालं तर जळालं." आळीतल्या पोरांना हे चालता यायच्या आधी पाठ असायचं.

वेणूचा नवरा सोमाजी म्हाताऱ्याचाच शागीर्द. घरजावई म्हणून राहिला, पण हात असा की म्हाताऱ्यानेही शेवटी मान हलवली होती. स्वभावाने गरीब. गाय बरी म्हणावी इतका. आणि ह्या गरीब माणसाने एका दुपारी ताटावर बसून डाव्या हाताने भाकरीचा तुकडा मोडला.

वेणूने वाढता वाढता हात थांबवला. "अहो, उजव्याला काय झालं?"

"भाजलंय जरा."

"बघू."

"बघण्यासारखं काही नाही. तू वाढ."

सोमाजीचा उजवा हात फडक्यात गुंडाळलेला होता. ओताऱ्याच्या घरात भाजणं रोजचंच. पण भाजलेल्या हाताला फडकं गुंडाळायचं नसतं, कोरफड लावायची असते, हे काय त्याला ठाऊक नव्हतं? शिवाय भाजलेला माणूस कण्हतो. हा गप्प. वेणूच्या मनात पाल चुकचुकली. ती काही त्या राज्याबाहेरची नव्हती. संशय तिच्याही रक्तात होताच.

तिला दुसरीही एक गोष्ट आठवली. मागे राजाने सोनचाफ्याची फांदी करायला सांगितली होती. सोमाजीने मेणातून करून नेली, राजा म्हणाला, "ही खोटी." दुसरी नेली, राजा म्हणाला, "हीही खोटी. कुणाच्या तरी हातची दिसते." तिसरी नेली, राजाने ती भिंतीवर आपटली आणि म्हणाला, "आता खरी आणली नाहीस तर हात ठेवणार नाही." घरातलं मेण सरलं, म्हणून वेणू मेण आणायला डोंगरात गेली. परत आली तोवर फांदी होऊन महालात पोचलीही होती, आणि राजा खूश होता. "मेण कुठलं?" तिने तेव्हाच विचारलं होतं. "मडक्याच्या तळाशी सापडलं," सोमाजी म्हणाला होता. ते मडकं तिने स्वतः, आपल्या हाताने, खरवडून ठेवलं होतं.

जेवण झालं तशी तिने सोमाजीचा हात धरला आणि फडकं ओढलं. पाची बोटं पितळेची. नखं पितळेची, नखांतली माती तेवढी मातीची. मनगटाशी कातडं संपत होतं आणि पितळ सुरू होत होतं.

"अगं बाई गं!" वेणू खालीच बसली. "हे कधीपासून?"

"बागेसारखंच. रोज थोडं चढतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तू काय करणार होतीस? मांत्रिकाची करणी आहे. सगळे म्हणतात."

सगळे म्हणतात हे खरं होतं. पण सोमाजी बोलताना भात्याकडे बघत होता, बायकोकडे नव्हे. वेणूला दोन गोष्टी एकदम कळल्या: हा माणूस काहीतरी लपवतोय, आणि पितळ काळजापर्यंत चढलं की हा माणूस आपल्याला राहणार नाही. पहिल्या गोष्टीचा राग आला. दुसरीची भीती त्याहून मोठी होती. राग नंतर काढू, असं ठरवून तिने पदर खोचला आणि टेकडीची वाट धरली.

भुजंगनाथ गुहेच्या तोंडाशी बसून वाटाणे सोलत होता. गळ्यात जिवंत नाग. नागाचंही लक्ष वाटाण्यांवरच होतं.

"माझ्या दारी आलीस. भीती वाटत नाही?" मांत्रिक म्हणाला.

"वाटते. पण घरात बसून जास्त वाटते," वेणू म्हणाली. "ही करणी तुमची का?"

"नाही."

"कशावरून?"

"माझी असती तर मी दवंडी पिटवली असती. बाई, ह्या धंद्यात नाव लागतं. दुसऱ्याचा शाप माझ्या नावावर खपतो आहे, ह्याचा मलाच संताप आहे." मांत्रिकाने एक शेंग जोरात फोडली. "ऐक. माझे शाप डोक्यातून शिरतात. हा कुठून शिरला?"

"बोटांतून."

"शाप शिरतो तो अपराधाच्या दाराने. ज्याने केलं, त्यालाच आधी लागतं."

"म्हणजे माझ्या नवऱ्याने काही..."

"मी काही म्हटलं नाही. तू म्हटलंस." त्याने बाजूच्या मडक्यातून एक पीस काढलं. "हे कानामागे खोव. पाखरांचं बोलणं कळेल. बागेत जा, आणि ज्याचं हरवलंय त्याला विचार."

वेणूने पीस घेतलं, उलटसुलट केलं, हळूच हुंगलं.

"विष नाही ते," मांत्रिक म्हणाला.

"मी कुठे म्हटलं?"

"नाकाने म्हटलंस."

बागेच्या दारावर शिपाई आडवा आला. "कुणी पाठवलं?" वेणू थबकली, मग त्याच्याकडे दयेने बघत म्हणाली, "तुम्हाला सांगितलं नाही होय? मग तुमच्यावर भरवसा नसेल वरच्यांचा." शिपायाचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मुकाट्याने दार उघडलं. त्या राज्यात असली किल्ली प्रत्येक कुलपाला लागायची, कुणी वापरत नव्हतं एवढंच.

आत सगळं पिवळंधमक. मधमाश्या फुलांवर बसून घसरत होत्या. सोनचाफ्याच्या झाडाला एके ठिकाणी तोडलेल्या फांदीचा खुंट होता, आणि त्या खुंटावर एक पक्षीण बसली होती. शिंपीण. अंगठ्याएवढी, पानं चोचीने शिवून घरटं करणाऱ्या जातीची. एक पंख पितळेचा झालेला, म्हणून तिरकी बसली होती.

"तुझ्या हातांना मेणाचा वास आहे," शिंपीण म्हणाली. "तू ओताऱ्याची."

"हो. हा शाप कुणाचा?"

"माझा."

"तुझा? एवढीशी तू!"

"एवढंसंच होतं माझं," शिंपीण म्हणाली.

मग तिने सांगितलं. चाफ्याचं रुंद पान बघून तिने ते दुमडलं, कडांना भोकं पाडली, कोळ्याचं सूत ओवून शिवलं, आत सावरीचा कापूस घातला आणि एक अंडं घातलं. अंड्यात आतून हालचाल लागली होती. एका सकाळी ती दाणा टिपायला गेली, तेवढ्यात कुणी फांदी तोडून नेली. "मी मागे उडत गेले. भट्टीच्या धुराड्यापर्यंत गेले. पुढे मला जाता आलं नाही. तेव्हा मी म्हटलं, ह्यांना पितळच हवं ना, मग सगळं पितळच होऊ दे. मला वाटलं नव्हतं माझं एवढं कुणी ऐकेल. पंखही माझाच गेला."

जितं पान साच्यात घातलं होतं. तिच्या बापाच्या भट्टीत, बापाने शिकवलेल्या हातांनी. मेण नव्हतंच घरात.

"तो वाईट माणूस नाही गं," ती म्हणाली.

"माझं अंडंही वाईट नव्हतं."

वेणू पितळेच्या हिरवळीवर गुडघे टेकून बसली. "तोड सांग. काय वाटेल ते करते."

"तीन गोष्टी. माझं पान आण. माझ्या अंड्याची राख आण. आणि पान वितळवून टाकून, ज्या साच्यातून ते निघालं त्याच साच्यात राख घालून, साचा बंद कर. तो आपण होऊन उघडेपर्यंत आत बघू नकोस. बघितलंस तर सगळं संपलं."

"पहिलं अवघड आहे. ती फांदी राजाच्या खजिन्यात आहे."

"तिसरं अवघड आहे," शिंपीण म्हणाली. "मी तुमच्या राज्यातच राहते."

वेणू घरी आली तेव्हा सोमाजीचं पितळ कोपराच्या वर गेलं होतं. तो भात्याजवळ बसला होता. तिने कुदळ घेतली आणि त्याला म्हणाली, "उठा."

"का?"

"परवापर्यंत तुम्ही माझ्याकडे बघायचात. आता भात्याकडे बघता. उठा तिथून."

सोमाजी उठला. भात्याखालची जमीन मऊ लागली. आत एक गाडगं निघालं. गाडग्यात फोडलेल्या साच्याचे तुकडे आणि एका पुरचुंडीत मूठभर राख. आळीत साच्याची माती कुणी घरात ठेवत नाही, ती वारुळाला परत जाते. ह्याने पुरून ठेवली होती, कारण मेणाच्या साच्यात राख नसते आणि ह्या साच्याला राख चिकटलेली होती. वारुळाशी कुणी बघितलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतं. वेणूने राख बोटाने बाजूला सारली. तिच्यात एक पांढरा, बारीक, न जळलेला कण होता. अंड्याचं कवच.

"हे तुम्ही पाहिलं होतंत?"

सोमाजी म्हणाला, "साचा उलटा करून राख झाडली तेव्हा दिसलं."

"रस ओतण्याआधी?"

"ओतण्याआधी."

"आणि तरी ओतलात?"

"राजा म्हणाला होता, हात ठेवणार नाही. मला वाटलं, जळालंय ते जळालंय, निदान हात तरी वाचतील." त्याने आपल्या पितळेच्या हाताकडे बघितलं आणि पोरासारखा रडायला लागला. "तुझ्या बापाचं नाव घेऊन सांगतो, वेणू, त्या दिवसापासून मी जेवलो नाही नीट. सांगायचं तर सांगू कुणाला? ह्या राज्यात कबूल करणाऱ्यावर दुप्पट संशय घेतात."

"मला सांगायचं होतंत!" वेणू किंचाळली. तिने गाडगं आपटायला उचललं आणि मग छातीशी धरलं. तिला त्याची भयंकर चीड आली होती, आणि त्याच वेळी त्याच्या मनगटावर भाजल्याचा जो जुना डाग होता तो पितळेखाली गेला म्हणून रडू फुटत होतं. लग्नाच्या वर्षी तिच्याच हातून पडलेल्या मुशीचा डाग तो. "आधी जगा," ती म्हणाली. "मग बघते तुमच्याकडे."

राख मिळाली. आता पान.

फांदी राजाच्या खजिन्यात, कुलपावर कुलूप लावलेल्या खोलीत होती, आणि किल्ल्या राजाच्या कमरेला. मागून मिळायची नव्हती, चोरून तर नव्हतीच. वेणू सरळ दरबारात गेली आणि मुजरा करून म्हणाली, "महाराज, एक शंका आहे."

शंका म्हटल्यावर राजा पुढे सरकून बसला. "बोल."

"खजिन्यात आहे ती फांदी तीच कशावरून?"

"म्हणजे?"

"सारी बागच पितळेची झाली. आता कुणीही बागेतली एखादी फांदी तोडावी आणि तुमच्या फांदीच्या जागी नेऊन ठेवावी. कळणार कसं?"

राजाचा हात कमरेच्या किल्ल्यांवर गेला. त्याने खजिनदाराकडे बघितलं, खजिनदाराने प्रधानाकडे, प्रधानाने छताकडे.

"ओळख कशी पटवायची?" राजाने विचारलं.

"ज्या साच्यातून निघाली त्या साच्यात बसवायची. खरी असेल तर बसेल. साचा आमच्या घरी आहे."

"फांदी कुणाच्या हाती द्यायची नाही," राजा म्हणाला. "मी स्वतः घेऊन येतो."

आणि आला की! पुढे शिपाई, मागे चाखणारे, मध्ये राजा, आणि राजाच्या कुशीत रेशमात गुंडाळलेली पितळेची फांदी. वेणूने ती पहिल्यांदा बघितली. खोटं कशाला बोलायचं, तिला नजर काढवेना. पाकळ्यांच्या कडा कागदाइतक्या पातळ, देठावर एक मुंगळा, आणि मधोमध ते दुमडलेलं पान, कडेकडेने शिवलेलं, टाका न् टाका पितळेत उठलेला. एवढं सुंदर काम आळीत कुणी केलं नव्हतं, तिच्या बापानेही नाही. आणि बघवत नव्हतं.

"बघ, टाकेसुद्धा!" राजा म्हणाला. "म्हणून ही खरी."

वेणूने साच्याचे तुकडे एकेक करून फांदीभोवती बसवले. मुंगळ्याच्या जागी मुंगळा गेला, टाक्यांच्या जागी टाके. "बसली! तीच आहे!" राजाने टाळी वाजवली, आणि तो टाळी वाजवत होता तेवढ्यात वेणूने भिजवून ठेवलेली वारुळाची माती साऱ्या फटींवर लिंपली, साचा तोंड खाली करून भट्टीत ठेवला आणि भात्यावर पाय दिला. भाता नेहमी सोमाजी हाणायचा. आज सोमाजी भिंतीला टेकून उभा होता. दोन्ही हात, दोन्ही खांदे, छाती, सगळं पितळेचं.

"काय करतेस?" राजा ओरडला. "धरा तिला!"

"धरा," वेणू म्हणाली, "पण मग पुढचं काय करायचं ते कुणाला येतं ते आधी सांगा." शिपाई एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात साच्याच्या तोंडातून पितळ वितळून धारेने खाली मुशीत उतरलं, थेंब न् थेंब. साचा पोकळ झाला. वेणूने चिमट्याने तो बाहेर काढला, तोंड वर केलं, पुरचुंडीतली राख त्या पांढऱ्या कणासकट आत सोडली आणि तोंड मातीने बंद करून टाकलं.

"महाराज, तुमचं पितळ मुशीत आहे. कुठे गेलं नाही. ह्या साच्याला आता कुणी हात लावायचा नाही. तो आपण होऊन उघडेल."

"आत काय आहे?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? फोडा तो! आत्ता फोडा!"

वेणू साच्यापुढे आडवी बसली. राजाने तलवार उपसली, पण तलवारीने बाई मारली तर पुढचं करायचं कुणी, आणि साच्यातून काय बाहेर पडेल, ह्या संशयाने त्याचा हात अडला. संशयाचा झालेला असा तो पहिलाच उपयोग.

आता खरं संकट. पितळ सोमाजीच्या गळ्याशी आलं. तो काही बोलायला गेला, आवाजाऐवजी घंटेसारखा नाद आला, आणि मग तोही थांबला. डोळे तेवढे हलत होते. उघड म्हणतात की नको म्हणतात, वेणूला कळेना. तिच्या मनात वारूळ फुटलं. शिंपीण खोटं बोलली असेल तर? आपलं गेलं तसं हिचंही जाऊ दे, म्हणून मला इथे नुसतं बसवून ठेवलं असेल तर? मी असते तर असाच सूड घेतला असता. मांत्रिक आणि ती सामील असतील तर? साचा फुटून आत नुसती राखच असेल, आणि हा तोवर पुतळा झालेला असेल. जरासं तोंड उकरून बघितलं तर? अगदी जरासं? तिचं नख मातीला लागलंसुद्धा.

धुराड्यातून काहीतरी खाली पडलं. शिंपीणच. एका पंखाने उडत, काजळीने माखलेली. ती फडफडत साच्यावर चढली आणि बसली.

"आत काय आहे?" वेणूने विचारलं. "तुला तरी माहीत आहे का?"

"नाही."

"मग बसलीस कशाला?"

"अंड्यात काय आहे ते अंडं फोडून बघत नाहीत," शिंपीण म्हणाली. "ऊब देतात, आणि बसतात."

वेणूने नख मागे घेतलं. तिने तळवे साच्याच्या दोन बाजूंना लावले आणि डोळे मिटून घेतले, म्हणजे सोमाजी दिसायला नको. बाप म्हणायचा, ओतल्यावर साचा निवेपर्यंत आत काय चाललंय ते देवालाही दिसत नाही. जन्मभर ती साच्यांपुढे बसत आली होती. कधी असं वाटलं नव्हतं.

राजा थोडा वेळ येरझाऱ्या घालत राहिला. मग खाली बसला. ऊन कलायला लागलं. शेजारणीने, आळीत एवढी माणसं उपाशी बसलेली बघून, पिठलं-भाकरी आणून ज्याच्या त्याच्या पुढ्यात ठेवली, राजाच्याही ठेवली. राजा साच्याकडे टक लावून घास घेत राहिला. अर्धी भाकरी संपली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपल्या आधी कुणी चाखलंच नाही. चाखणारे तिघेही साच्याकडेच बघत होते. राजाने हातातल्या भाकरीकडे बघितलं. पिठलं गरम होतं. त्याला आठवेना की गरम पिठलं आपण शेवटचं कधी खाल्लं. मग त्याने उरलेली अर्धीही खाल्ली.

आणि साच्यातून आवाज आला. टक.

सगळ्यांचे घास हातात राहिले. टक, टक. शिंपीण ताठ झाली. वारुळाच्या मातीला केसाएवढी चीर गेली, ती रुंदावली, आणि साचा आपण होऊन, एखाद्या पिकल्या बोंडासारखा, उलला.

आत सोनचाफ्याची हिरवी फांदी होती. पितळेच्या फांदीइतकी देखणी नव्हती ती. एक पाकळी कुरतडलेली, कडा तपकिरी. देठावरचा मुंगळा उठला, मिश्या पुसल्या आणि ज्या कामाला निघाला होता त्या कामाला निघून गेला. मधलं शिवलेलं पान हललं. त्यातून एक लालभडक, वासलेली चोच वर आली आणि आरडायला लागली.

"भूक लागलीय त्याला," शिंपीण म्हणाली. तिचा पितळेचा पंख मऊ झाला होता. ती दारातून भर्रकन बाहेर गेली. राज्याला शाप देणारी ती, पण मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. पोराला अळी हवी होती.

दूर बागेतली खणखण थांबली आणि सळसळ सुरू झाली. मोराने उचललेला पाय खाली टेकला. आणि भिंतीपाशी सोमाजीने असा श्वास घेतला, जसा बुडालेला माणूस वर येऊन घेतो. पितळ उतरलं, गळ्यावरून, छातीवरून, खांद्यांवरून, आणि मनगटावर तो जुना डाग पुन्हा दिसला. वेणूने आधी तो डाग बघितला, मग नवऱ्याच्या गळ्यात पडली, मग त्याला एक सणसणीत चापट मारली. तिने कबूल केलं होतं, आधी जगा, मग बघते. शब्दाची पक्की होती.

सोमाजी राजापुढे गेला आणि सगळं जसं घडलं तसं सांगितलं. कवचाचा कणही सांगितला. राजाने त्या हिरव्या फांदीकडे बघितलं.

"खरी आण म्हणून मीच सांगितलं होतं," तो म्हणाला. "हात तुझे, हट्ट माझा. जा." आणि शिपायांना म्हणाला, "तुम्हीही जा. कुणी ना कुणी घरी वाट बघत असेल." राणीच्या मागे धाडलेला हेर परत बोलावला, आणि त्याच्या जागी राजा स्वतः सासुरवाडीला गेला.

फांदी वेणूने चाफ्याच्या त्याच खुंटाला वारुळाच्या मातीने लिंपून बांधली. ती धरली. उरलेली साच्याची माती सोमाजीने स्वतः पाटीत घालून, भर दिवसा, आळीतून मिरवत वारुळाला नेऊन दिली. टेकडीवर भुजंगनाथाला त्यांनी पाटीभर वाटाणे धाडले, आणि पीसही परत केलं. तेव्हापासून त्या आळीत पान बघायला गेलेलं पोर आधी पान उलटून बघतं, खाली कुणी राहतं का ते.

पुढल्या चाफ्याच्या बहरात सोमाजीने मेणातून एक फांदी केली. त्याने झाडासमोर बसून बघितलं, झाडाकडे पाठ करून घडवलं. एक पान जरा जाडच झालं. मुशीत राजाचं तेच पितळ होतं. राजाने फांदी हातात घेतली, फिरवून बघितली, जाड पानावर बोट ठेवलं.

"ही खरी नाही," राजा म्हणाला.

"नाही, महाराज."

"बरं झालं," राजा म्हणाला, आणि फांदी आपल्या जेवणाच्या पाटाशेजारी, उघड्यावर, बिनकुलपाची ठेवली.

राजाने जसा त्या दिवशी न चाखलेला गरम घास खाल्ला, तसा तुमच्याआमच्या पुढ्यातला घास गरम राहो आणि वाढणाऱ्या हातावर मन निर्धास्त राहो.